कंपनी फिटेड

परवा वडाळ्याहून बाबांना घेऊन पुण्याला निघालो, तर त्यांनी पिशवीतून एक कॅसेट काढून पुढे केली. "ही लाव रे." आईच्या भजनी मंडळाची कॅसेट. आई जाऊन आता सहा वर्षं झाली. आणि नव्या गाडीत कॅसेटची फटच नाही! ब्लूटूथ आहे, यूएसबी आहे, पण साधं ऑक्सचं भोकही नाही.

खरं तर गाडीत गाणं आलं तेच मुळी बाहेरून. अमेरिकेत 1930 साली गॅल्विन बंधूंनी मोटारीत बसवायचा रेडिओ काढला, त्याचं नाव मोटोरोला. गाडी एकाची, रेडिओ दुसऱ्याचा. आपल्याकडेही तेच. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या आमच्या पद्मिनीत बाबांनी टेप नंतर बसवून घेतला होता. त्याआधी नुसता रेडिओ होता. 1980च्या दशकाच्या मध्यापर्यंत रेडिओला पोस्टाचं लायसन्सही लागायचं!

'कंपनी फिटेड' टेप हा प्रकार आमच्या घरी पुढच्या गाडीबरोबर आला. दिसायला देखणा, पण कॅसेट आणि रेडिओ सोडून कुणालाही आत न घेणारा. मग 2001 साली आयपॉड आला, पाठोपाठ स्वस्त एमपीथ्री प्लेअर आले. पण ते या टेपला जोडायचे कसे?

उत्तर लॅमिंग्टन रोडला मिळालं: वायर लोंबणारी एक खोटी कॅसेट. आत फीत नाही, फक्त एक छोटं चुंबकी हेड. प्लेअरमधून आलेला विद्युतप्रवाह तिथे बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार करतो आणि टेपच्या हेडला वाटतं, फीतच सरकतेय. चाकं उगाच फिरत राहतात, टेपला संशय येऊ नये म्हणून! दुसरी युक्ती म्हणजे लायटरच्या सॉकेटमध्ये खोचायचा एफएम ट्रान्समीटर. तो चक्क रेडिओ स्टेशन असल्याचं सोंग करतो. 2002 पासून मुंबईत खाजगी एफएम वाढत गेली आणि त्याला रिकामी जागा शोधणं कठीण झालं.

मला यात गंमत वाटते ती अशी, की नव्याने दरवेळी जुन्याचं रूप घेऊन आत प्रवेश मिळवला. पुढे ऑक्स आलं, ब्लूटूथ आलं आणि ही सोंगं संपली. पण आता दाराबाहेर उभं होतं ते जुनंच.

असो. मी परत वर गेलो. माळ्यावर वॉकमन सापडला, ड्रॉवरमध्ये तो ट्रान्समीटर. सेल घातले, वायर जोडली, 88.1 वर जागा रिकामी मिळाली. आधी नुसती खरखर, मग टाळ, मग आईचा किंचित चिरका आवाज. चेंबूर येईपर्यंत बाबा काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाजूच्या गाडीत पण ऐकू येत असेल काय रे?"

"अगदी चिकटून असली तर येईलही थोडं."

"येऊ दे," म्हणाले.

लोणावळ्याला फीत एकदा अडकली तेव्हा मात्र माझ्या पोटात गोळा आला. पेन्सिल घालून गुंडाळली, सुटली. घरी आल्यावर पहिलं काम केलं, ती कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. तुमच्याकडे अशी एखादी असेल, तर ती फीत अडकायची वाट पाहू नका.