महादजींचा पाय आणि वेदनेची साक्ष

१/ पारनेर तालुक्यातील जामगावचा जुना वाडा महादजी शिंदे यांच्या नावाने ओळखला जातो. आजचा धागा त्यांच्या मुत्सद्देगिरीविषयी नाही, त्यांच्या पायाविषयी आहे.

२/ १४ जानेवारी १७६१. पानिपतावरून माघार घेणाऱ्या महादजींना एका अफगाण स्वाराने गाठले आणि पायावर घाव घातला. राणेखान नावाच्या भिस्त्याने जखमी महादजींना बैलावर घालून सुखरूप आणले. पुढे महादजींनी त्याला भाऊ मानले, सरदारकी दिली. पाय मात्र जन्मभर अधू राहिला.

३/ अधू चाल सर्वांना दिसते, म्हणून ती इतिहासात नोंदली गेली. त्यानंतरच्या तेहतीस वर्षांत तो पाय किती दुखला असेल? वेदना इतरांना दिसत नाही. साधनांचे मौन म्हणजे वेदनेचा अभाव, असे मात्र म्हणता येत नाही.

४/ अमेरिकेतील यादवी युद्धात सायलस वेअर मिचेल या वैद्याने असे सैनिक पाहिले, की ज्यांची जखम भरली होती, पण हातापायांची आग थांबत नव्हती. १८६४ मध्ये त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी मज्जातंतूंच्या जखमांवर ग्रंथ लिहिला. शरीराच्या आत पाहण्याचे यंत्र तेव्हा नव्हते. आधार होता तो रुग्णाच्या शब्दांचा.

५/ १८९५ मध्ये राँटगेनला क्ष-किरण सापडले. १९०० मध्ये जर्मन शल्यविशारद सुडेक याने अशा दुखऱ्या अवयवांतील हाडे विरळ झालेली क्ष-किरणचित्रांत दाखवली. स्नायू मात्र त्या चित्रांत जवळजवळ अबोलच राहिले.

६/ स्नायूंना वाचा फुटली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, सोनोग्राफी आणि एमआरआयमुळे. मज्जातंतू दुखावला की त्याच्या ताब्यातील स्नायूत आधी पाण्याचे प्रमाण वाढलेले दिसते. पुढे स्नायू रोडावतो, त्याच्या तंतूंची जागा चरबी घेते. दुखतो म्हणून पाय वापरला नाही, तरीही स्नायू झिजतो. त्यामुळे झीज हे वेदनेचे कारण की परिणाम, हे केवळ चित्रावरून ठरत नाही.

७/ आणखी एक अडचण आहे. चित्रातील बदल आणि वेदनेची तीव्रता यांचा मेळ पुष्कळदा बसत नाही. स्नायू झिजलेला असूनही माणूस विनातक्रार चालतो. चित्र निर्दोष असूनही दुसऱ्याला रात्रभर झोप लागत नाही. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, मग दुखतं कसं?’ हा प्रश्न म्हणूनच अन्यायकारक आहे.

८/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा पेच ओळखीचा वाटेल. एमआरआय हेही एक साधनच. ते खोटे बोलत नाही, पण सगळेही सांगत नाही. दप्तरातील कागद जसा अन्य पुराव्यांशी ताडून पाहावा लागतो, तसे चित्रही रुग्णाच्या कथनाशी आणि प्रत्यक्ष तपासणीशी ताडावे लागते.

९/ १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडी येथे महादजींचे निधन झाले. जिथे त्यांचे दहन झाले, तिथे आज शिंदे छत्री उभी आहे. त्या पायाचे चित्र आता कोणत्याही यंत्राला काढता येणार नाही, आणि आपणही त्याचे निदान करू नये. पण आज जो माणूस समोर बसून पाय दुखतो म्हणून सांगतो आहे, त्याची साक्ष अजून उपलब्ध आहे. ती आधी ऐकावी.