मॉड टाकताय? आधी फाईल कोणती ते बघा

'युरो ट्रक सिम्युलेटर २' गेममध्ये खेळाडूंनी बनवलेल्या गाड्या, रस्ते टाकता येतात. त्यांना मॉड म्हणतात. ही फाईल बहुतेक 'एससीएस' प्रकारची असते. डॉक्युमेंट्समधल्या गेमच्या 'मॉड' फोल्डरात ठेवायची, मॉड मॅनेजरमधून चालू करायची, बस्स. त्यामुळे सोबत 'ईएक्सई' आली किंवा 'अँटिव्हायरस बंद करा' म्हटलं, तर सरळ डिलीट मारा. स्टीम वर्कशॉपवरून घेतलेलं बरं. तरी नावाजलेली जागा म्हणून डोळे झाकू नका: जून २०२३ मध्ये कर्सफोर्जवरच्या माइनक्राफ्टच्या काही मॉडमध्ये 'फ्रॅक्चरायझर' व्हायरस निघाला. तो ब्राउझरमधले लॉगिन चोरायचा. म्हणजे घरात बँकेचं काम ज्या कॉम्प्युटरवर चालतं, त्यावर हे प्रयोग नकोतच. सेव्हची कॉपीही आधी काढा. नकाशाचा मॉड काढल्यावर जुना सेव्ह कधी कधी उघडत नाही.