मुंग्या, चव आणि वजनकाटा

दोन वर्षांपूर्वी आमच्या टीममधला एक जण दोन महिन्यांत ८ किलो उतरला. आम्ही "काय रे, कुठली जिम?" म्हणून त्याला पिडत होतो. टेबलावर पाण्याची मोठी बाटली, दर अर्ध्या तासाला बाथरूमची फेरी. कोणाला काही वाटलंच नाही. वय ३१. शुगर निघाली, गोळ्या सुरू झाल्या आणि तीन आठवड्यांत स्वारी उलट्या, पोटदुखी, धाप यांच्यासकट आयसीयूत. तो मुळात गोळ्यांचा आजार नव्हताच. टाइप १ होता, इन्सुलिनच हवं होतं. (आता ठणठणीत आहे आणि आम्हालाच पिडतो.)

तर मंडळी, तेव्हापासून डोक्यात किडा शिरलाय. एकाच नावाखाली दोन आजार आहेत हे माणसाला कळलं तरी कधी?

सुरुवात आपल्याकडेच होते. रोग्याच्या लघवीकडे मुंग्या धावतात हे चरकसंहितेत आहे. सुश्रुतसंहिता त्याच्या पुढे जाते. प्रमेह दोन प्रकारचा, एक जन्मजात आणि दुसरा कुपथ्यातून आलेला. पहिला रोगी कृश, कमी खाणारा, सतत तहानलेला. दुसरा स्थूल, खादाड, लोळत पडणारा. उपचारही वेगळे. बारक्याला खाऊपिऊ घालायचं, जाड्याचं कमी करायचं. हेच आजचे टाइप १ आणि टाइप २ असं ठोकून सांगायचा मोह होतो, पण ते काही खरं नाही. जन्मजात म्हणजे आई-वडिलांच्या बीजातला दोष असं त्यांचं म्हणणं होतं. तरी निरीक्षण मात्र पक्कं होतं.

युरोपात १७व्या शतकात थॉमस विलिसने लघवी चक्क चाखून ती गोड असल्याचं लिहिलं. १७७६ साली लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉबसनने ती आटवून तळाशी साखर दाखवली. मला जास्त आवडली ती त्याची दुसरी नोंद. काही रोगी काही आठवड्यांत दगावतात, काही वर्षानुवर्षं जगतात. अंगकाठीऐवजी त्याने वेगाकडे पाहिलं! पण १८८० मध्ये पॅरिसच्या लॉन्सरोने पुन्हा 'बारका मधुमेह' आणि 'जाडा मधुमेह' अशीच नावं दिली.

१९२२ च्या जानेवारीत टोरांटोत १४ वर्षांच्या एका मुलाला इन्सुलिन मिळालं आणि मरायला टेकलेली मुलं उठून बसू लागली. मग खरा घोळ कळला. काहींना इन्सुलिन मस्त लागू पडायचं, काहींवर फारसा परिणामच नाही. लंडनच्या हॅरल्ड हिम्सवर्थने एक साधा प्रयोग केला. रोग्याला एकाच वेळी तोंडाने ग्लुकोज आणि शिरेतून इन्सुलिन द्यायचं आणि रक्तातली साखर मोजत बसायचं. काहींची साखर आटोक्यात राहिली, काहींची चढतच गेली. १९३६ मध्ये त्याने लिहिलं की दुसऱ्या गटाचं शरीर इन्सुलिनला दादच देत नाही. आमच्या भाषेत, एरर मेसेज एकच, बग दोन. पहिला बग कुठे आहे याचा धागा १९७४ मध्ये लागला. त्या रोग्यांच्या रक्तात स्वतःच्याच स्वादुपिंडातल्या पेशींविरुद्धच्या अँटीबॉडी सापडल्या.

म्हणून लक्षणं वाचताना वेग बघावा. टाइप १ बहुधा दिवसा-आठवड्यांत अंगावर येतो. तहान, वारंवार लघवी, खाऊनही घटणारं वजन, आणि दुर्लक्ष झालं तर उलट्या, श्वासाला फळासारखा वास. तो लहान मुलांनाच होतो ही अफवा आहे. टाइप २ वर्षानुवर्षं दबा धरून बसतो. थकवा, धूसर नजर, न भरणारी जखम, मानेवर काळपट जाडसर कातडी. कित्येकदा तर काहीच नाही. शंका आली की अँटीबॉडी आणि सी-पेप्टाइड तपासता येतात. मित्राचं कोडं शेवटी त्यानेच सुटलं.

आणि 'मी बारीक, मला कशाला टाइप २ होईल' हेही आता विसरा. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! भारतीय अंगकाठी बारीक दिसूनही आत चरबी बाळगून असते, हे याज्ञिकांच्या पुण्यातल्या कामातून पुढे आलं.

माझा बीएमआय २२. वडिलांना शुगर. आजवर वजनकाट्याकडे बघून खूश होतो. असो. सोमवारी उपाशीपोटी रक्त द्यायला जातोय.