हेलसिंकी ते टोकियो : दोरा आणि वाट

अंतर भागिले वेग म्हणजे वेळ, हे सूत्र आपण वर्गात नेहमी वापरतो. त्यातले अंतर गणितात दिलेलेच असते. प्रत्यक्षात ते कसे ठरते, हे पाहण्यासाठी फिनलंडमधील हेलसिंकी आणि जपानमधील टोकियो या दोन विमानतळांचे उदाहरण घेऊ.

पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा घट्ट ताणला, की तो सर्वांत जवळच्या मार्गावर, म्हणजे बृहद्‌वृत्तावर बसतो. हे अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर भरते. ताशी ९०० किलोमीटर वेग धरला, तर पावणेनऊ तास पुरेत. पण हा दोरा बहुतेक सर्व सायबेरियावरून जातो, आणि अडचण तिथेच आहे.

प्रत्येक राष्ट्राची आपल्या भूमीवरील आकाशावरही पूर्ण सत्ता असते, हे तत्त्व १९४४ च्या शिकागो करारात नोंदले आहे. शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत संघाचे आकाश परदेशी विमानांना मुक्तपणे वापरता येत नव्हते. म्हणून १९५७ मध्ये स्कॅन्डिनेव्हियन विमानकंपनीने कोपनहेगनहून टोकियोला जाण्यासाठी ध्रुवप्रदेशावरून, अलास्कातील अँकरेजला थांबा घेणारा मार्ग सुरू केला. एप्रिल १९८३ मध्ये फिनएअर कंपनीचे डीसी-१० विमान हेलसिंकीहून उत्तर ध्रुवाकडे वळून, बेरिंग सामुद्रधुनीवरून न थांबता टोकियोला जाऊ लागले. या प्रवासाला सुमारे तेरा तास लागत.

वळसा घेण्यामागची भीती खोटी नव्हती. त्याच वर्षी १ सप्टेंबरला अँकरेजहून सोलला निघालेले कोरियाचे प्रवासी विमान मार्ग चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले. ते पाडण्यात आले आणि २६९ माणसे मृत्युमुखी पडली.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघाचे विघटन झाले. त्यानंतर सायबेरियावरील मार्ग हळूहळू खुले होत गेले आणि हाच प्रवास साधारण साडेनऊ तासांवर आला. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. युरोपीय देशांनी रशियन विमानांना आपले आकाश बंद केले, रशियानेही तेच केले. मार्च २०२२ मध्ये हेलसिंकी-टोकियो विमाने पुन्हा वळसा घेऊन उडू लागली, आणि वेळ पुन्हा तेरा तासांच्या आसपास गेला. विमाने १९८३ पेक्षा सुधारलेली होती, शहरे जागच्या जागी होती. बदलली होती ती फक्त वाट.

हे वर्गात सहज करून पाहता येईल. मुलांना आधी दोरा सरळ ताणून मोजू द्यावा. मग तोच दोरा ध्रुव आणि बेरिंग सामुद्रधुनी या दोन ठिकाणी टेकवून पुन्हा मोजावा. आता अंतर १०,६०० किलोमीटरच्या आसपास येईल. खरी वाट याहूनही लांब पडू शकते. हे जादा किलोमीटर कशामुळे आले, हा प्रश्न मात्र भूगोलाच्या तासाला विचारावा की इतिहासाच्या, हे आपण मुलांनाच ठरवू द्यावे.