धवलेरीचे गाणे

परवा माळ्यावरचा खोका आवरताना कुमार गंधर्वांची एक जुनी कॅसेट सापडली. टेपरेकॉर्डर केव्हाच मोडीत गेला. नातवाने मोबाइलवर कुमारांचे गाणे लावून दिले. बाहेर माहुलीच्या डोंगरावर पाऊस उतरत होता. गाणे ऐकता ऐकता मला शाळेतला एक जुना तास आठवला.

कुमार १९४८ साली देवासला राहायला गेले ते क्षयाने आजारी होऊन. काही वर्षे गाणे बंदच होते. अंथरुणावर पडल्या पडल्या कानावर यायची ती माळव्यातल्या बायाबापड्यांची गाणी. त्यांनी ती नुसती ऐकली नाहीत, त्यांचा अभ्यास केला. रागसंगीताचे मूळ लोकधुनांत आहे, हे त्यांना उमगले. अशा धुनांतून त्यांनी नवे राग सिद्ध केले आणि त्यांना ‘धुनउगम राग’ म्हटले. १९६५ साली ‘अनूपरागविलास’मधून आपल्या बंदिशीही छापल्या. घराण्याच्या गायकीवर वाढलेल्या रसिकांना हे पचायला वेळ लागला.

कवितेतही असेच घडले. बहिणाबाई चौधरी १८८० साली असोद्याला जन्मल्या. लिहिता-वाचता येत नव्हते. त्या गायच्या आणि मुलगा सोपानदेव व नातलग लिहून घ्यायचे. १९५१ साली त्या गेल्या. पुढच्याच वर्षी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ निघाली आणि मराठी माणूस थक्क झाला.

ही हकीकत मी वर्गात मोठ्या कौतुकाने सांगत असे. एकदा मागच्या बाकावरची एक वारली मुलगी उठून म्हणाली, “गुरुजी, माझी आजीपण गाणी म्हणते. लग्न तीच लावते.” पोरे हसली. मी म्हणालो, “बरं, बस खाली.” आणि पुढची ओळ शिकवू लागलो.

मुलगी खरे तेच सांगत होती. वारल्यांचे लग्न धवलेरी लावते. धवलेरी म्हणजे गाणी गाऊन लग्नाचे विधी पार पाडणारी बाई. भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यात पालघट देवी असते. चौकापाशी धवलेरी गाते. तिच्या गाण्याशिवाय लग्न लागत नाही. म्हणजे ती आजी एकाच वेळी कवयित्री, गायिका आणि पुरोहित होती. माझ्या शाळेपासून तासाभराच्या वाटेवर राहणारी! आणि मी मात्र दूरच्या जळगावची आजी शिकवत होतो, कारण ती पुस्तकात आली होती.

काही वर्षांनी मी त्या पाड्यावर गेलो. आजी वारली होती. गाणी कुणी लिहून घेतली नव्हती.

आमच्या शहापूर तालुक्यातून तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते, पुढे भातसाचेही गेले. ते न्यायला नळ टाकले, माणसे नेमली. गाण्यासाठी एक वही आणि मोकळा कान पुरला असता. दोन्ही माझ्यापाशी होते.

तुमच्यापैकी कुणी शहापूर-मुरबाडकडे मास्तर असाल, तर एवढे करा. पोराने आजीचे नाव काढले की धडा मिटा. त्याला म्हणा, “घेऊन चल मला तिच्याकडे.”