बनारसचा घोडा आणि चुडाव्याची मारुती

शिंपी आणि गॅरेजवाला या दोघांकडे दिलेली वस्तू परत केव्हा मिळेल, हे कोणताही ज्योतिषी छातीठोकपणे सांगणार नाही. तरी दोघांत एक फरक आहे. आपण शिवायला टाकलेला सदरा घालून शिंपी सहसा लग्नाला जात नाही. मापाची अडचण येते. मोटारीला ती अडचण नसते.

मी नांदेडला राहतो आणि पूर्णेच्या शाखेत लोकांचे पैसे मोजतो. मधे लिंबगाव आणि चुडावा ही दोन स्टेशने. एरवी रेल्वेने जातो. ती चुकली की घरची जुनी मारुती आठशे काढतो. अशाच एका सकाळी चुडाव्याजवळ गाडी रस्त्याच्या कडेला उभी करून मी चहा पीत होतो, तेव्हा उसाची एक रिकामी ट्रॉली आली आणि मारुतीच्या डिक्कीत घुसली. मी ग्लास ठेवून उठेपर्यंत ट्रॅक्टर दिसेनासा झाला होता. ट्रॅक्टर एवढा पळू शकतो हे मला तेव्हा प्रथमच कळले.

विमा होता, पण कायद्यापुरता. मोटारीच्या विम्याची सक्ती ब्रिटिश हिंदुस्थानात १९३९ च्या कायद्यात लिहिली गेली आणि १ जुलै १९४६ पासून अमलात आली. ती आजही तशीच आहे. तिचा अर्थ एवढाच, की माझ्या गाडीने जगाचे काही नुकसान केले तर कंपनी भरून देईल. जगाने माझे केले तर ते मी आणि जगाने आपसात पाहून घ्यावे.

जवळच्याच एका गॅरेजवाल्याने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. "साहेब, आठ दिवसांत नवी नवरी करून देतो," म्हणाला आणि एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर त्याने लिहून दिले : डिक्की, बंपर, लांबी, कलर, ११,००० रुपये. आमच्यातला लेखी करार तो एवढाच.

आठ दिवसांचे अडीच महिने झाले. डेंटर गावाला गेला होता, मग लाईट गेली होती, मग कलरचा शेड जुळत नव्हता. फोन केला की "उद्या या" हे ठरलेले. एका सोमवारी आमचे कॅशियर म्हणाले, "काल वसमतला लग्नात तुमची गाडी पाहिली. छान सजवली होती हो!" मी तडक चुडावा गाठला. मारुती खरोखर नवी नवरी झाली होती. मागच्या सीटवर अक्षता होत्या, खाली झेंडूच्या पाकळ्या होत्या आणि उजव्या बाजूचा आरसा नव्हता. बिल मात्र होते. ११,००० मजुरी-सामानाचे, वर ४,५०० जागाभाडे. गाडी तयार होऊन पंचेचाळीस दिवस झाले, दिवसाला शंभर.

"जागा अडली ना साहेब. भाडं दिल्याबिगर गाडी कशी सोडावी?"

आता वाचकहो, कॉमर्सच्या पदवीचा आयुष्यात एकदा तरी उपयोग व्हावा अशी प्रत्येक बी.कॉम. माणसाची इच्छा असते. माझी ती घटका आली होती. कराराचा कायदा १८७२ चा. त्याचा मसुदा लंडनमध्ये बसलेल्या आयोगाने केला आणि जेम्स फिट्झजेम्स स्टीफन कलकत्त्यात कायदेमंत्री असताना तो मंजूर झाला. मोटार तेव्हा जन्मालाच यायची होती, म्हणून कायद्यातली उदाहरणे घोड्यांची आहेत. कलम १५४ मधला एक गृहस्थ बनारसला जातो म्हणून कलकत्त्यात घोडा भाड्याने घेतो आणि कटकला घेऊन जातो. घोडा अगदी जपून चालवतो, तरी तो पडतो आणि जखमी होतो. भरपाई या गृहस्थाला द्यावी लागते. बनारस काय आणि कटक काय, म्हणून भागत नाही. माझा घोडा डेंटिंगसाठी दिला होता आणि तो वसमतला जाऊन आला, तोही एका डोळ्याने आंधळा होऊन.

अडवून ठेवण्याचा हक्क कलम १७० मध्ये. तिथे उदाहरण हिऱ्याचे. जवाहिऱ्याने हिऱ्याला पैलू पाडले, तर मजुरी मिळेपर्यंत तो हिरा ठेवून घेऊ शकतो. हे विलायतेतून आले. तिथे १८२८ मध्ये ठरले, की शर्यतीचा घोडा तयार करणाऱ्याला घोडा अडवता येतो, कारण त्याने त्यात कौशल्य घातले. १८३९ मध्ये ठरले, की गाई नुसत्या चारणाऱ्याला गाई अडवता येत नाहीत. आणि १८६० मध्ये तर माझाच खटला चालला. एका गोदीवाल्याने जहाज दुरुस्त केले, मजुरीसाठी अडवले आणि अडवल्या दिवसांचे गोदीभाडेही मागितले. हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितले, मजुरी घे. पण जहाज तू स्वतःच्या सोयीसाठी अडवलेस, त्याचे भाडे मालकाने का द्यावे? वेगळा करार असता तर गोष्ट निराळी. मी लग्नपत्रिका उलटसुलट वाचली. भाड्याचा शब्द नव्हता. आहेराचा होता : आणू नये.

हे सगळे मी मिस्त्रींना उभ्या उभ्या सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाले, "साहेब, हा इंग्रजांचा कायदा. इथं निजाम होता." खोटे नव्हते. चुडावा हैदराबाद संस्थानात होता. १८७२ चा हा कायदा इकडे आला तो १९५१ साली, संस्थान विलीन झाल्यावर. मी तेही सांगितले. "म्हणजे आता लागू हाय म्हणा की," ते म्हणाले आणि किल्ली खिशात ठेवून चहा सांगितला.

चौथ्या दिवशी ते आमच्या शाखेत आले, मुदत ठेव मोडायला. मॅनेजरनी नाही म्हटले. कंप्रेसरच्या कर्जाचे हप्ते थकले होते. मिस्त्री माझ्या काउंटरशी आले. "माझा पैसा, तुम्ही कसा अडवायलाव?" मी नाइलाजाने कलम १७१ सांगितले. मिस्त्रीला केलेल्या कामापुरतेच अडवता येते, पण बँकेला एकूण येणे असेल त्याच्यासाठी हाती असलेले ग्राहकाचे काहीही अडवता येते. ठेवपावतीलाही हे लागू आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली सांगितले आहे.

"आम्हाला एकशे सत्तर आन् तुम्हाला एकशे एकाहत्तर?" ते म्हणाले. "कायदा करणारे बँकेत खातं ठेवून व्हते का?"

याला बी.कॉम.ला उत्तर शिकवत नाहीत. मागे थांबलेल्या एका शेतकऱ्याने मान डोलावली. त्याची पावतीही आमच्याकडेच होती.

त्या संध्याकाळी मी चुडाव्याला उतरलो. अकरा हजारांतून आरशाचे सहाशे वजा करून पैसे मोजले. मिस्त्रींनी ते दोनदा मोजले, भाड्याचे नाव काढले नाही आणि किल्ली दिली. मी गाडी सुरू करतो तोच काचेवर टकटक झाली.

"साहेब, धुलाईचे पन्नास राहिले. आतमधी लई फुलं पडली व्हती."