सिल्हेटचा नाच, शांतिनिकेतनची मुले

शाळांच्या स्नेहसंमेलनांत ‘जगातील संस्कृती’ दाखवण्याची प्रथा आता रूढ झाली आहे. भाड्याने आणलेले पोशाख, ध्वनिमुद्रित गाणे, तीन मिनिटांचा नाच आणि लगेच पुढचा देश. हे पाहताना एक प्रश्न पडतो. नृत्यसंगीतातून मुलांना परकी संस्कृती कळते असे आपण म्हणतो, तेव्हा त्यांना नेमके काय कळते? या प्रश्नाच्या निमित्ताने शांतिनिकेतनच्या इतिहासाकडे पुन्हा वळावेसे वाटते.

१९०१ साली रवींद्रनाथांनी तेथे शाळा काढली. गाणे तिच्या दिनक्रमातच होते; शिकवण्याचा विषय म्हणून नृत्याला मात्र स्थान नव्हते. १९१९ च्या नोव्हेंबरमध्ये रवींद्रनाथ सिल्हेटला गेले. तेव्हा आसाम प्रांतात असलेले हे गाव आज बांगलादेशात आहे. तेथील मणिपुरी वस्तीत त्यांनी नाच पाहिला आणि तो आपल्या मुलांना शिकवावा असे त्यांच्या मनाने घेतले. त्यानंतर त्रिपुराहून बुद्धिमंत सिंह हे मणिपुरी नृत्यगुरू आश्रमात आले. सुरुवातीला मुलगे शिकले, तेही मृदंगाच्या तालावरचा व्यायाम म्हणून. ‘नृत्य’ हा शब्द भद्र समाजाला अजून पचणारा नव्हता.

पुढे नवकुमार सिंह आले आणि मुलीही शिकू लागल्या. १९२६ साली ‘नटीर पूजा’ रंगमंचावर आले. त्यात चित्रकार नंदलाल बसू यांच्या कन्या गौरी यांनी श्रीमतीची भूमिका केली. कुलीन घरातील मुलीने प्रेक्षकांसमोर नाचणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. नाटक कलकत्त्याला गेले तेव्हा रवींद्रनाथ स्वतः एका भूमिकेत रंगमंचावर उभे राहिले. त्या उपस्थितीत नाट्याइतकेच पालकत्वही होते, असे मला वाटते.

१९२७ साली त्यांनी जावा आणि बाली बेटांचा प्रवास केला. रामायण-महाभारताच्या कथा तेथे नृत्यातून कशा जिवंत आहेत, हे त्यांनी पत्रांतून सविस्तर लिहिले. पण त्या पत्रांहून मोठा पुरावा शांतिदेव घोष यांचा आहे. याच शाळेत वाढलेला हा मुलगा पुढे सिंहलद्वीपात जाऊन कँडी नृत्य शिकला, जावा-बालीलाही जाऊन आला आणि आश्रमातच शिकवत राहिला. लहानपणी गुरू दारी आले होते. मोठेपणी विद्यार्थी गुरूच्या दारी गेला. संस्कृतीचे शिक्षण झाले असे म्हणायचे ते याला.

अर्थात, या देवघेवीत काही हरवलेही. मणिपुरी रास ही मुळात वैष्णव उपासना आहे. तिची पदे, तिचा मंडप, तिचा भक्तिभाव यांतून तिला वेगळे करता येत नाही. शांतिनिकेतनात तिच्या हालचाली रवींद्रनाथांच्या बंगाली गीतांना जोडल्या गेल्या. त्यातून ‘चित्रांगदा’ (१९३६), ‘चंडालिका’ (१९३८) यांसारखी नृत्यनाट्ये घडली, हे खरे. पण आश्रमातील मुलांना मणिपूर कितपत कळले? लय कळली, विनय कळला. उपासना बहुधा कळली नाही. उसनवारी आणि शिक्षण यांतली सीमारेषा येथे पुसट होते. रवींद्रनाथांविषयीच्या आदरापोटी ती नाकारण्याचे कारण नाही.

मराठी वाचकाला येथे साने गुरुजी आठवतील. रवींद्रनाथांच्या विश्वभारतीवरून त्यांनी आंतरभारतीची कल्पना मांडली. प्रांतांनी परस्परांच्या भाषा, गाणी, रीती शिकाव्यात अशी त्यांची तळमळ होती. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने ‘भारत दर्शन’मधून त्या कल्पनेला नृत्यगीतांचे रूप दिले.

आज पडद्यावर कोणताही नाच क्षणात पाहता येतो. तरीही आश्रमातील त्या मुलांना जे मिळाले ते आपल्या विद्यार्थ्यांना सहसा मिळत नाही. बुद्धिमंत सिंह नाच दाखवून निघून गेले नाहीत. ते मुलांमध्ये राहिले. पाऊल चुकले तर ते थांबवून दुरुस्त करणारा माणूस समोर होता. स्नेहसंमेलनात सात देश दाखवण्याऐवजी शाळेने एखाद्या दूरच्या प्रांताच्या एकाच वादकाला महिनाभर बोलवावे. मुलांनी त्याच्याकडून एक ताल आणि त्याच्या भाषेतील चार वाक्ये शिकावीत. तो ताल कोणत्या देवासाठी, कोणत्या ऋतूत वाजतो, हेही त्यांनी त्यालाच विचारावे. शांतिनिकेतनात जे राहून गेले, ते कदाचित तेथे साधेल.